किटलीवरचा नंबर

कार्डाचा नंबर मोठ्यानं सांगू नका, हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा बोललो आहे की आता माझं मलाच ते ऐकू येत नाही. लोकांना तर पहिल्यापासूनच येत नव्हतं.

मी राधाकिशन. दूध संस्थेच्या दुकानात एकोणीस वर्षं पेंड विकतो. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटपासून दोन कोसांवर. दुकान म्हणजे संस्थेचीच एक खोली. अर्ध्या खोलीत दूध मोजतात, अर्ध्या खोलीत माझी पोती. नोटाबंदीनंतर दुधाचे पैसे खात्यात जमा व्हायला लागले. बँकेनं सगळ्यांना कार्डं दिली आणि मला कार्ड घासायचं मशीन दिलं. पेंड घ्यायची, कार्ड घासायचं, चार आकडे दाबायचे, पावती घ्यायची. यात अवघड काय आहे?

पण त्या चार आकड्यांचं आमच्या गावानं जे केलं, ते दुसऱ्या कुठल्या गावानं केलं नसेल.

कार्डं वाटायला बँकेतून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, नंबर असा ठेवा की तुम्ही विसरणार नाही आणि दुसऱ्याला ओळखता येणार नाही. लोकांनी त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं. संस्थेत दूध घालणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर असतो. तो किटलीवर लाल रंगानं लिहिलेला असतो, शेजारी नाव. तो नंबर कोण विसरणार? सगळ्यांनी पुढं दोन शून्यं लावून तोच दाबला. भामाबाई एकेचाळीस, सटवा सत्तावन्न. चेअरमन अर्जुनरावांचा एक. त्यांनी तीन शून्यं लावली.

एवढं करून कार्ड तरी घरी न्यावं? तेही नाही. घरी उंदीर कुरतडतो, पोरं खेळायला घेतात, धुण्यात जातं. म्हणून लोकांनी कार्डं माझ्याकडंच ठेवली. माझ्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात बावन्न कार्डं झाली. माणूस यायचा, दारातूनच म्हणायचा, "अण्णा, दोन पोती सरकी मारा. शून्य शून्य सत्तावन्न." मी डब्यातून कार्ड काढायचो, घासायचो, नंबर मीच दाबायचो. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं. गाव आपल्यावर भरवसा टाकतं याचं कुणाला बरं वाटणार नाही?

एकटी माझी बायको, सुंदर, असं करत नव्हती.

तिच्या नावावर दोन म्हशी होत्या, तिचं खातं वेगळं, किटली अडतिसावी. कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत. पेंड घ्यायला ती माझ्याच दुकानात यायची, मशीन स्वतःकडं ओढायची, त्यावर पदर टाकायची आणि पदराखाली नंबर दाबायची. लोकांना तमाशा झाला.

"वहिनी, पदराआड काय मंतर म्हनताव व्हय?" सटवा एकदा म्हणाला. मेंढरं राखणारा माणूस, माळावर ओरडायची सवय, त्याला हळू बोलताच येत नाही.

"मंतर न्हाई, भावजी. कुलूप लावायलेय."

"राधाकिशनला तरी ठावं हाय का नंबर?"

"त्यास्नी सांगितला तर तुमाला सांगितल्यासारखाच हाय की."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी गेल्यावर चिडलो. म्हणालो, चारचौघांत नवऱ्याची अशी अब्रू काढतात का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अब्रू मी काढली न्हाई. त्यो डबा काढंल एक दिवस. देऊन टाका लोकांचं लोकाला."

"लोक काय म्हनतील? आमच्यावर रागावला म्हनतील."

"म्हनू द्या की. चार दिस म्हनतील."

दोन वर्षं ती हे म्हणत राहिली. दोन वर्षं मी उद्या देतो म्हणालो.

मग तो दुष्काळ पडला. दिवाळीच्या आधीच विहिरी तळाला गेल्या. सरकारची चारा छावणी यायची तेव्हा येईल म्हणून संस्थेनं आपली छावणी घातली, संस्थेच्या मागच्याच माळावर. जनावरं तिथं, धारा तिथं. किटल्या घरी न्यायचं कारण उरलं नाही. टँकरच्या पाण्यात धुवायच्या आणि दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला खिळ्यांवर टांगायच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला सगळ्या गावाची नावं आणि नंबर ओळीनं दिसायचे. हे मी रोज बघत होतो. मला त्यात किटल्याच दिसत होत्या.

त्याच कार्तिकात सुंदर गेली. ताप होता, अंगावर काढला, टँकरला नंबर लावून उभी राहिली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पाच दिवस होती. सहाव्या दिवशी जीपमध्ये आडवी आणली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तिची कमरेची पिशवी लेकीनं माझ्या हातात दिली. आत एक सुपारी, किल्ली आणि ते कार्ड होतं. कुठं ठेवावं कळेना, म्हणून मी ते त्याच डब्यात टाकलं. ज्या डब्यावरून ती दोन वर्षं भांडली त्याच डब्यात.

बाराव्या दिवशी मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, तेरावा होऊ दे. पण जनावरांना तेरावा कळत नाही, आणि घरात बसून मी तरी काय करणार होतो?

दुपारी मोटारसायकलवर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. माझं भादरलेलं डोकं बघून आधी हात जोडले.

"काका, घरात काही झालं का?"

"बायको गेली."

"अरेरे. फार वाईट झालं." थोडं थांबून म्हणाला, "मी अशा वेळी आलो नसतो. पण एकतीस डिसेंबरला ही काळ्या पट्टीची कार्डं बंद होणार. चिपची नवी येणार. नोंदणी राहिली तर लोकांचे पैसे अडकतील."

कार्डं बदलणार हे खरं होतं. बँकेतही तशी पाटी लावली होती. मी डबा त्याच्यापुढं सरकवला. त्याच्याकडं काडेपेटीएवढी एक डबी होती. एकेक कार्ड त्या डबीतून ओढायचा आणि माझ्या हातात परत द्यायचा. सुंदरचंही ओढलं. मधे दोघं-तिघं पेंडीला आले आणि नेहमीसारखे दारातूनच आपापले नंबर ओरडून गेले. त्यानं मात्र नंबर कुणाचाच विचारला नाही. मला तेच पटलं. नंबर विचारत नाही म्हणजे खरा माणूस, असं मी मनाशी म्हणालो. इतका शहाणा मी.

मग पाणी मागितलं, प्यायला, बाहेर गेला. मोबाईल काढून म्हणाला, "काका, किटल्या काय सुंदर टांगल्यात! एक फोटो काढू का?"

मी म्हणालो, काढा की.

पंधरा दिवसांनी भामाबाई आली. तिला मागंपुढं कुणी नाही, एक नात आहे, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. त्यासाठी म्हातारीनं दुधाच्या पैशाला वर्षभर हात लावला नव्हता. पेंडही उधार घ्यायची.

"अण्णा, आता काढा. नातीला दवाखान्यात न्यायचं हाय. आधी पेंडीचं मारा, मग बाकीचं बँकेतून आनते."

मशीननं पावती काढली. खात्यात पुरेशी रक्कम नाही. मी परत घासलं. परत तेच.

"मशीनला काय झालं?" भामाबाई म्हणाली.

मशीनला काही झालं नव्हतं. सटवाचं घासलं, तेच. आणखी दोघांचं, तेच. संध्याकाळपर्यंत कळलं की चौदा जणांचे पैसे गेले. बाकीच्यांचे राहिले कारण दुष्काळानं त्यांच्या खात्यात चोरण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. अर्जुनराव दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. पैसे लांबच्या एका शहरातल्या एटीएममधून निघाले होते, दोन सकाळी मिळून सगळे. कार्डं माझ्या डब्यात आणि पैसे तिकडं निघाले. कार्डाची नक्कल करता येते हे बँकेतल्या साहेबानं अर्जुनरावांना सांगितलं आणि चौदा जणांचे तक्रारअर्ज घेतले.

पण साहेबानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती अर्जुनरावांच्या तोंडून गावात आली. त्याच डब्यात असलेल्या सुंदरच्या खात्यात चांगली रक्कम होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

झालं. दोन दिवसांत माझ्या दुकानात लोक हळू बोलायला लागले. आमच्या गावात लोक हळू बोलायला लागले की समजावं. छावणीत माणसं मला बघून विषय बदलायची. एक बाई कार्ड न्यायला आली आणि पावती मागत होती. कार्ड परत दिल्याची पावती! एकोणीस वर्षांत मापात एक किलो इकडचं तिकडं केलं नाही, आणि आता माझ्याकडं असं बघतात. आणि कशामुळं? माझ्या बायकोनं तिचे पैसे नीट सांभाळले म्हणून. सरणावर गेलेल्या बाईची हुशारी माझ्या अंगावर आली.

तीस डिसेंबरला सकाळी संस्थेत बैठक बसली. अर्जुनराव खुर्चीवर, बाकीचे माझ्या पोत्यांवर. सटवानं सुरुवात केली.

"चौदा जनांचं गेलं. डबा ह्याच्या ताब्यात. ह्याच्या घरचं कार्डबी त्याच डब्यात. त्यातला एक रुपाया हालला न्हाई. कावून?"

"सटवा, तोंड आवर," अर्जुनराव म्हणाले. "त्याची बायको जाऊन दीड महिना झाला न्हाई."

"म्हनून तर इचारायलो बे. मेलेल्या मानसाच्या खात्याला चोर बी हात लावीत न्हाई व्हय? लई देवमानूस चोर हाय मग!"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मी उभा राहिलो. त्या मोटारसायकलवाल्याचं सगळं सांगितलं. शर्ट, ओळखपत्र, डबी. "डबा मी दिला. माझ्या हातानं दिला," म्हणालो.

 मला वाटलं, आता मला काढतील. पण अर्जुनराव म्हणाले, "ते मागनं बघू. आधी हे सांग, कार्डाची नक्कल झाली ते झाली, त्याला नंबर कुनी सांगितला?"

"बाहेर या," मी म्हणालो.

सगळ्यांना भिंतीपुढं उभं केलं. "वाच, सटवा."

"भामाबाई एकेचाळीस."

"भामाबाई, तुझा कार्डाचा नंबर काय?"

"शून्य शून्य एकेचाळीस," म्हातारी म्हणाली आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"आता तुझी वाच, सटवा. मोठ्यानं वाच, एरवी ओरडतोस तसा."

सटवानं वाचली नाही. सगळे भिंतीकडं बघत राहिले. चेअरमनसाहेब आपल्या एक नंबरच्या किटलीकडं बघत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सटवा सुटतो थोडाच.

"मग सुंदरवहिनीची किटली बी हाय की हितं. ही बघा, अडतीस. तिचं कसं राह्यलं?"

"तिचा नंबर अडतीस नव्हता."

"मग काय व्हता?"

"मला ठावं न्हाई."

आता मात्र सगळेच हसले. "नवऱ्याला ठावं न्हाई!" "तीस वर्सं संसार करून!" एक म्हणाला, "पदराखाली बघायचं न्हाई का, अण्णा?" दीड महिन्यापूर्वी हीच माणसं मला धरून नदीवर घेऊन गेली होती.

मी आत गेलो. मशीन काढलं, सुंदरचं कार्ड काढलं.

"अवं, मयताचं कार्ड असं वापरता येत न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"माहीत हाय. उद्या ते तसंबी बंद व्हतंय. एक रुपयाची पावती मारतो. नंबर तुमी दाबा. अडतीस दाबा, पुढं दोन शून्य."

अर्जुनरावांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा दाबला. मशीन थोडा वेळ विचार करत राहिलं, आमच्याकडं रेंजच तशी. मग लिहून आलं: नंबर चुकीचा. अर्जुनरावांनी मशीन वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"झालं समाधान?"

"एक चुकीचा हाय हे कळलं," सटवा म्हणाला. "खरा टाकून दाखवू दे. ठावं न्हाई म्हनतो ते आमी कावून मानावं?"

"ठावं असता तर मी..."

"टाक की! लग्नाचं साल टाक. बायका तसलंच ठेवत्यात."

मी चिडलो होतो. लग्नाचं साल दाबलं. आणि खरं सांगतो, दाबताना वाटलं, असेल. तोच असेल. पदराखाली ती इतकी वर्षं आमच्या लग्नाचं साल दाबत असेल.

नंबर चुकीचा.

"आता लेकीच्या जन्माचं," सटवा म्हणाला. "दाब. तिसऱ्यांदा चुकलं की कार्डच बंद व्हतं. व्हऊ दे की, काय जातंय?"

मी बोट उचललं, तेवढ्यात भामाबाईनं मशीनवर पंजा ठेवला. ज्या बाईचे सगळ्यात जास्त गेले होते तिनं.

"बास करा. तिचं कुलूप हाय ते. तुमी चौदा जन दारं उघडी टाकून झोपलाव. म्या बी झोपले. एकलीनं कुलूप लावलं, तर तेच मोडताव व्हय तिच्या माघारी?" मग सटवाकडं वळली. "आन तू रं, मेंढरावर खुना करतूस तसा नंबर कार्डाला केलास. आदी तुझी किटली पूस, मग दुसऱ्याच्या बायकूचा नंबर इचार."

सटवा पोत्यावर जाऊन बसला.

अर्जुनरावांनी निकाल दिला. "राधाकिशनचा दोष न्हाई. किटल्यांनी घात केला. तसं बँकेला लिहून देऊ." सगळे माना हलवायला लागले. किटल्यांनी घात केला म्हटल्यावर सगळ्यांना मोकळं वाटलं. किटलीला कोण बोल लावणार?

"आन डबा मी दिला त्याचं काय?" मी म्हणालो.

"आता ते जाऊ दे बाबा. त्या दिवशी तुझं डोकं ठिकान्यावर कुठं व्हतं?"

"माझं डोकं ठिकान्यावर व्हतं, अर्जुनराव. तिनं दोन वर्सं सांगितलं आन म्या ऐकलं न्हाई. त्या दिवशी न्हाई. दोन वर्सं."

 माझ्यावरचा आळ गेला होता आणि खरा दोष कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. मी डबा उघडून पोत्यावर पालथा केला. "आपापलं कार्ड घ्या. हा डबा आज बंद."

लोकांनी काय केलं असेल? एकेक जण कार्ड उचलून माझ्याकडंच बघायला लागला. मागून एक जण म्हणाला, "अण्णा, माझं ऱ्हाऊ द्या की हितं. घरी लई उंदरं हायती."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी दुकान बंद करताना मशीन आणि ते कार्ड माझ्यापुढं होतं. एक वेळ उरली होती. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद, मग तिचा नंबर कायमचा गेला. लेकीच्या जन्माचं साल. घराचा नंबर. पहिल्या म्हशीची किंमत. किती तरी आकडे डोक्यात आले. तिला मी ओळखत होतो की नाही, हे आता त्या एका दाबण्यावर आलं आहे असं वाटायला लागलं. मग त्या बँकेच्या बाईंचं बोलणं आठवलं. दुसऱ्याला ओळखता येणार नाही असा. सुंदरनं ते अर्धं नीट ऐकलं होतं. मला ओळखता आला असता तर तो नंबर वाईट होता. तिनं चांगला ठेवला होता.

मी मशीन बंद केलं. कार्ड खिशात घातलं आणि घरी गेलो.

त्याला आता वर्ष होत आलं. भामाबाईचे पैसे बँकेनं उन्हाळ्यात परत दिले, नातीला मुलगी झाल्यावर. बाकीच्यांचेही हळूहळू आले. सुंदरच्या खात्यातले पैसे कागदपत्रं दिल्यावर माझ्या नावावर झाले. नवी कार्डं आली, चिपची. ती घासायची नाहीत, मशीनच्या तोंडात खुपसायची. साहेब म्हणाले, यांची नक्कल होत नाही. मी म्हणालो, साहेब, कार्डाचं मला सांगू नका, आमच्या लोकांच्या तोंडाला चिप बसवता येते का ते बघा.

आता नंबर दाबायची वेळ आली की मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. पहिल्यांदा लोकांना राग आला. "आमच्याकडं पाठ कावून करताव?" आता सवय झाली आहे. भामाबाई पदर टाकते. चार-पाच बायका तिचं बघून टाकतात. सटवानं पदर नाही म्हणून डोक्याचं मुंडासं काढून मशीनवर धरलं. मशीन पडलं, पण मी त्याला काही बोललो नाही.

मागच्या सोमवारी अर्जुनराव आले. दुकानात सात-आठ माणसं. ते दारातूनच म्हणाले, "राधाकिशन, चार पोती गोळी पेंड. कार्ड हे घे, मी गाडीत बसतो. शून्य शून्य शून्य एक."

नवं कार्ड, नवी चिप, आणि नंबर तोच.

मी कार्ड त्यांच्या हातात परत दिलं. "पेंड न्हाई."

"न्हाई म्हंजे? ही काय पोती हायती की."

"हायती. केजला जाऊन नंबर बदलून या. मग देतो."

"अरे, मी चेअरमन हाय बे!"

"म्हनून तर. तुमी बदलला तर बाकीचे बदलतील."

"पंचवीस किलोमीटर जाऊ एका नंबरासाठी? जनावरं काय खातील तवर?"

"तवर भामाबाईकडनं अर्धं पोतं उसनं न्यावं म्हनावं तुमच्या गड्यानं."

माणसं तोंडाला रुमाल लावून हसत होती. अर्जुनराव लाल झाले. संस्थेत ठराव आणून मला काढायचं बोलले, वयाचं बोलले. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गाडी केजच्या रस्त्याला लागली.

चार वाजता परत आले. मशीन स्वतःकडं ओढलं, दुसऱ्या हाताचा पंजा वर धरला आणि नंबर दाबला. पावती आली. मी चार पोती गाडीत टाकायला लावली.

जाताना दारात थांबून अर्जुनराव म्हणाले, "काय ठेवला ते सांगू का तुला? विसरलो बिसरलो तर..."

"न्हाई," मी म्हणालो. "घरी बी सांगू नका."